उसवलेली लोकर आणि न मोजलेला श्रम

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत माणूस काय काम करतो याची नोंद क्रमांकाने होते. स्वतःची शेती करणारा, मजुरीला जाणारा, पगारी नोकर, काम शोधणारा, शाळेत शिकणारा, प्रत्येकाला त्याचा क्रमांक ठरलेला आहे. या यादीत ९२ आणि ९३ असे दोन क्रमांक आहेत. जी केवळ घरकाम करते ती ९२. जी घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी सरपण, रानभाजी, कंदमुळे, वैरण गोळा करते, शिवते, विणते, ती ९३. दोन्ही क्रमांकांची गत एकच. या दोन्ही रकान्यांतल्या बायका सरकारी हिशेबात श्रमशक्तीच्या बाहेर आहेत. म्हणजे त्या काम करीत नाहीत, कामाच्या शोधातही नाहीत. डोक्यावर मोळी घेऊन जंगलातून चार मैल चालत येणारी बाई आणि रात्री दिव्याखाली जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीतून मुलासाठी नवा विणणारी बाई, दोघीही अर्थशास्त्राच्या लेखी रिकाम्या बसलेल्या आहेत.

यातील मोळीचा प्रश्न समाजवादी चळवळीने निदान उच्चारला तरी आहे. स्वेटरचा प्रश्न मात्र उच्चारताच पुष्कळ कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल. वनहक्काचे दावे पडून आहेत, धानाला भाव नाही, वाघाच्या भयाने शेतावर जाणे कठीण झाले आहे. अशा वेळी चिमूरसारख्या ठिकाणी उसवलेल्या लोकरीची चर्चा कसली करायची, असा प्रश्न ते विचारतील. हा प्रश्न गैर नाही. परंतु १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती उभी राहिली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हाही शहाण्यासुरत्या माणसांना हसू आलेच होते. लाटणे हे राजकारणाचे हत्यार होऊ शकते हे त्या मोर्चांनी दाखवून दिले. विणकामाच्या दोन सुयांकडे त्याच नजरेने पाहण्याची आज गरज आहे.

क्षुल्लक वाटणारे कौशल्य

चिमूर हा काही लोकरीचा मुलूख नव्हे. धान, कापूस आणि सोयाबीन पिकवणारा, ताडोबाच्या जंगलाला लागून असलेला, उन्हाळ्यात भाजून निघणारा असा हा तालुका आहे. तथापि पूर्व विदर्भाची थंडी थोड्या दिवसांची असली तरी बोचरी असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. जंगलाकाठच्या गावात, कुडाच्या भिंतींच्या घरात अशी रात्र काढायची तर अंगावर ऊबदार काही हवेच. म्हणून दिवाळीनंतर पेट्यांतले जुने कपडे बाहेर निघतात. थोरल्याला आखूड झालेला, कोपरावर विरलेला स्वेटर टाकून दिला जात नाही. ज्या घरी सुया चालवता येतात त्या घरी तो उसवला जातो आणि त्यातून धाकट्याचा स्वेटर, नाही तर कानटोपी, मफलर तयार होतो. जुनेराची गोधडी शिवणाऱ्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

हे काम ज्यांनी कधी केले नाही त्यांना ते धागा ओढण्याइतके सोपे वाटते. वस्तुतः त्याला शास्त्र आहे. आधी शिवण शोधून ती न चुकता कापावी लागते. एक टाका चुकीचा कापला गेला तर सबंध भागाचे तुकडे होतात. पाठ, पुढचा भाग आणि बाह्या सुट्या झाल्या की जेथे विणकाम बंद केले होते त्या टोकापासून धागा सोडवायचा असतो. उलट्या टोकाने ओढला तर तो अडकतो. सुटलेला धागा नागमोडी असतो. त्याची लडी करून ती चार ठिकाणी सैल बांधतात, कोमट पाण्यात भिजवतात आणि खाली थोडे वजन टांगून वाळवतात, तेव्हा त्यातील वळ्या जातात. विरलेला भाग काढून टाकावा लागतो, सांधे जोडावे लागतात. जुना धागा बारीक झालेला असतो, म्हणून टाक्यांचा हिशेब नव्याने करावा लागतो. लोकर हमखास कमी पडते. ती तूट दुसऱ्या रंगाचा पट्टा घालून भरून काढावी लागते. गरिबाघरच्या स्वेटरवर दिसणारे पट्टे हौसेचे नसतात. उपलब्ध साधनांची वाटणी कशी करावी याचा तो हिशेब असतो, आणि तो मांडणारी बाई नमुना पाहणीत ‘काम न करणारी’ ठरते.

येथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या शास्त्रातील एक विसंगती पाहण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार घरच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू तत्त्वतः उत्पादनात धरली जाते. पण घरातल्या माणसाने घरातल्याच वस्तूची केलेली दुरुस्ती आणि घरातील सेवा उत्पादनात धरल्या जात नाहीत. म्हणजे नवीन लोकर विकत आणून विणलेला स्वेटर हे उत्पादन, आणि कोपर रफू करणे हे अनुत्पादक कृत्य. उसवून पुन्हा विणलेला स्वेटर या दोहोंच्या मध्ये कोठे तरी लोंबकळतो. व्यवहारात तिघींचीही नोंद श्रमशक्तीबाहेरच होते. जुना स्वेटर कचऱ्यात टाकून बाजारातून नवा आणला तर राष्ट्रीय उत्पन्न वाढते. जुना उसवून तोच पुन्हा विणला तर ते जिथल्या तिथे राहते. नासाडीला प्रगती म्हणणारे आणि बचतीला शून्य किंमत देणारे हे मोजमाप निर्विकार शास्त्र म्हणून विद्यापीठांतून शिकवले जाते. ते बाजाराच्या बाजूने झुकलेले आहे हे स्पष्ट सांगण्याची वेळ आली आहे.

उपदेश कोणाला?

गेल्या काही वर्षांत सरकारला पुनर्वापराचा पुळका आला आहे. पर्यावरणाला अनुरूप जीवनशैलीचा मंत्र २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत उच्चारला गेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडिया येथे ‘मिशन लाइफ’ या नावाने त्याचे रीतसर उद्घाटन झाले. २०२३ च्या मे महिन्यात शहराशहरांतून जुने कपडे, पुस्तके, खेळणी जमा करण्याची केंद्रे उघडण्यात आली. वापरा आणि फेकून द्या ही वृत्ती सोडा, पूर्वजांची काटकसर आठवा, असा या मोहिमांचा सूर आहे.

हा उपदेश कोणाला आहे हे नीट पाहावे. ज्या वर्गाने फेकून देण्याची सवय लावून घेतली त्याला एक दिवस जुने कपडे केंद्रावर नेऊन देण्याचे पुण्य दिले जाते. ज्या वर्गाला फेकून देणे कधी परवडलेच नाही, त्याच्या नाइलाजाला संस्कृती असे गोंडस नाव दिले जाते. चिमूरच्या एखाद्या मजूर बाईने पृथ्वी वाचवण्यासाठी स्वेटर उसवलेला नसतो. नवा घ्यायला पैसे नसतात म्हणून उसवलेला असतो. तिच्या दारिद्र्याचे रूपांतर सद्गुणात करून मोकळे होणे ही जुनी, सनातनी युक्ती आहे. श्रमाचे मोल द्यायचे नसले की त्याची पूजा करावी, हे तंत्र या देशाने बायकांच्या आणि दलितांच्या बाबतीत शतकानुशतके वापरलेले आहे.

सरकारच्याच वेळेच्या वापराच्या पाहण्या पाहाव्यात. २०१९ च्या पाहणीत घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ खर्च होत होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला आणि पुरुषाने आपला वाटा नऊ मिनिटांनी कमी केला. मुलाबाळांची आणि वृद्धांची देखभाल यात धरलेलीच नाही. या पाच तासांवर आणखी दोन तास उसवण्या-विणण्याचे चढवून त्यास ‘हरित जीवनशैली’ म्हणायचे असेल, तर त्या हरितपणाचे बिल कोण भरते हे विचारावेच लागेल.

दहा रुपये तासाची काटकसर

हे बिल आकड्यांत मांडता येते. उसवणे, धुणे, लडी वाळवणे आणि मोठ्या मुलाचा स्वेटर हाताने विणणे यास मिळून चाळीस तास लागतात असे समजू. आठ तासांचा एक याप्रमाणे हे पाच दिवस झाले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने या स्वेटरमधील केवळ श्रमाचे मोल १,५६० रुपये होते. बाजारात यंत्रावर विणलेला अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर चारशे रुपयांना मिळतो असे धरू. तेव्हा ही बाई चाळीस तास राबून चारशे रुपये वाचवते. तासाला दहा रुपये, दिवसाला ऐंशी. रोजगार हमीच्या खडी फोडण्याच्या कामावर जी मजुरी मिळावी तिच्या जवळजवळ एक चतुर्थांश!

ती हे का करते, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण ते साधे आहे. त्या चाळीस तासांना दुसरीकडे गिऱ्हाईक नाही. हिवाळ्याच्या रात्री तिच्या हाताला कोणी काम देत नाही, म्हणून तिचा तास फुकट आहे. आणि तास फुकट आहे म्हणूनच जुनी लोकर वाया जात नाही. पुनर्वापराची सारी इमारत स्त्रीच्या तासाची किंमत शून्य आहे या पायावर उभी आहे. उद्या तिला खरोखर काम मिळाले तर ती उसवणे सोडून देईल, बाजारातला स्वस्त स्वेटर घेईल, आणि पर्यावरणवादी हळहळतील. पण त्यांनी हळहळू नये. तिच्या बेकारीवर पृथ्वी वाचवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पृथ्वी वाचवायची असेल तर त्या श्रमाला मोल देऊन वाचवावी लागेल. समाजवादी भूमिका याहून वेगळी असू शकत नाही.

चिंध्यांचा व्यापार

घरात शून्य किमतीचे असलेले हेच काम घराबाहेर पडले की त्यावर व्यापार उभा राहतो. यॉर्कशायरमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा सूत काढण्याची रीत बसवली. त्या मालाला ‘शॉडी’ म्हणत. पुढे इंग्रजी भाषेत या शब्दाचा अर्थच निकृष्ट असा झाला. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा जो तिसरा खंड एंगल्सने १८९४ साली प्रसिद्ध केला त्यात उत्पादनातून निघणाऱ्या टाकाऊ पदार्थांच्या वापराचा स्वतंत्र विचार आहे आणि त्यात या चिंध्यांच्या उद्योगाचा दाखला आहे. कच्चा माल महाग झाला की भांडवलदाराला टाकाऊ वस्तूत नफा दिसू लागतो, हे त्यातले इंगित.

आज या उद्योगाचे मोठे केंद्र हरियाणातील पानिपत आहे. श्रीमंत देशांनी टाकलेले लोकरी कपडे कांडला बंदरातून तेथे येतात. ते कपडे म्हणून देशात विकले जाऊ नयेत यासाठी चिंध्या म्हणून आणलेला माल फाडलेला असावा असा आयातीचा नियम आहे. गुंड्या, चेन, अस्तर काढणे, रंगवार ढीग लावणे आणि पात्यावर कपडे चिरणे ही कामे बायका करतात. मेघना गुप्ता यांनी २०१२ साली ‘अनरॅव्हल’ या माहितीपटात या बायकांना बोलते केले आहे. तेथे निघणाऱ्या सुताची कांबळी आपत्तीग्रस्तांना जगभर वाटली गेली.

येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट महत्त्वाची आहे. पानिपतच्या यंत्रात कपडा पिंजला जातो, त्यामुळे तंतू तुटून आखूड होतात आणि सूत हलक्या प्रतीचे निघते. घरी हाताने उसवलेल्या लोकरीत धागा सबंध राहतो. त्याचे मूल्य टिकते. म्हणजे तंत्राच्या दृष्टीने जी प्रक्रिया वरच्या दर्जाची, तिला दाम नाही; जी खालच्या दर्जाची, तिच्यावर कारखाने चालतात. हा फरक यंत्र आणि हात यांच्यातला नाही. पानिपतला पात्यावर बसणाऱ्या बाईलाही तुटपुंजीच मजुरी मिळते. मालकी आणि हिशेब कोणाच्या हाती आहेत, एवढाच हा फरक आहे.

आणि आता तर घरी उसवण्याची शक्यताच हिरावून घेतली जात आहे. पूर्वीचा स्वेटर, घरी विणलेला असो की यंत्रावर, पाठ, पुढा आणि बाह्या आकारात विणून मग जोडलेला असे. आजचा बाजारी स्वेटर पुष्कळदा विणलेल्या ताग्यातून कात्रीने कापून शिवलेला असतो. तो उसवायला घेतला तर प्रत्येक ओळीला तुकडा हातात येतो. गिऱ्हाइकाला हे दुकानात कळत नाही. पहिला हिवाळा संपल्यावर कळते. वस्तू विकताना तिचे दुसरे आयुष्य मारून टाकायचे, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येईल, असा हा व्यवहार आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, विजेची उपकरणे आणि वाहने हे विषय ठेवले. अंगावरच्या कपड्याचा त्यात समावेश नव्हता.

कराची गोष्ट याहून बोलकी आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा कृत्रिम धाग्यावर १८ टक्के कर होता. ऑक्टोबर २०१७ पासून तो १२ टक्के झाला. हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर मात्र ५ टक्के. कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते. घरी विणणाऱ्या बाईला मिळत नाही. म्हणजे उसवलेल्या लोकरीत भर म्हणून दोन लड्या अ‍ॅक्रिलिक घेणाऱ्या बाईवर तयार स्वेटर घेणाऱ्यापेक्षा दुपटीहून अधिक दराने कर होता, आणि हा अन्याय सप्टेंबर २०२५ पर्यंत, आठ वर्षे, चालला. २२ सप्टेंबर २०२५ पासून धाग्यावरही ५ टक्के झाला. हा बदल गिरणीमालकांच्या मागणीने झाला. आठ वर्षांत एकाही पक्षाने, डाव्या आणि समाजवादी पक्षांसकट, घरी विणणाऱ्या बाईच्या वतीने यावर तोंड उघडले नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ज्या भूमीने सुताचे राजकारण पाहिले

धागा हा राजकारणाचा विषय नव्हे असे निदान या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेसने सभासदाची वर्गणी रुपयांत न मागता दरमहा दोन हजार वार सुतात मागितली होती. १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्या बायकांना निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा निर्णय घेतला. त्या वेळी खादीच्या अनेक भक्तांनी, खादी महाग होईल, खपणार नाही, अशी ओरड केली होती. गांधीजी त्यापुढे नमले नाहीत. आठ तासांच्या कताईला आठ आणे हा त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलेला आदर्श होता. लगेच १९३६ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यातील सावली या खादीच्या गावी गांधी सेवा संघाचे अधिवेशन झाले आणि गांधीजी तेथे आले होते.

आणि चिमूर! १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावानंतर लष्कराने या गावातील स्त्रियांवर अत्याचार केले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमाच्या प्रा. भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपोषण केले. चिमूरच्या स्त्रियांनी काय सोसले हे साम्राज्य सरकारला मोजायचे नव्हते. ते कोणी तरी मोजावे यासाठी एका माणसाने प्राण पणाला लावले. स्वतंत्र भारताच्या सरकारला त्याच गावच्या स्त्रिया काय करतात हे मोजायचे नाही. दोन्ही गोष्टींची बरोबरी होऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु ज्याची नोंद नाही त्याचा न्याय नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, हाताने विणलेल्या स्वेटरला दीड हजाराची मजुरी दिली तर तो विकत कोण घेईल? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन चालणार नाही. समाजवाद्यांना कष्टाची पूजा करायची नाही. लोहियांनी लहान यंत्रांचा आग्रह धरला तो याचसाठी. हाताने चालवायची सपाट विणयंत्रे अनेक वर्षे प्रचारात आहेत. त्यांवर पाठ, पुढा, बाह्या आकारात विणता येतात आणि चाळीस तासांचे काम काही तासांवर येते. असा स्वेटर पुढे उसवताही येतो. लडी गुंडाळण्याचे साधे यंत्र तर सायकलच्या चाकावरही होते. यंत्र बाईच्या मालकीचे असेल तर ते तिचे तास वाचवते. ठेकेदाराच्या मालकीचे असेल तर तेच तास लुटते. वाद यंत्राशी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या लोकरीचे कपडे शेवटी आदिवासी मुलांच्याच अंगावर घालणार काय? उतरलेला कपडा, उरलेले अन्न आणि वरून उपकाराची भाषा, हे या समाजाला पुरेसे परिचयाचे आहे. म्हणून येथे एक रेघ स्पष्ट ओढली पाहिजे. पुनर्वापर हा दानधर्म होता कामा नये. तो करायचा तर सरकारी गणवेशापासून, म्हणजे वनखात्याच्या आणि पोलिसांच्या जर्सींपासून सुरू व्हावा. साहेबाने जी लोकर पुन्हा वापरायला हरकत घेतली, ती आश्रमशाळेतील मुलाला देण्याचा प्रश्नच उद्भवू नये.

तिसरा आक्षेप असा की, असले प्रयोग सहकाराच्या नावाखाली पूर्वीही झाले आणि फसले. काही फसले हे खरे. पण सगळे नाही. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून खोळी शिवणाऱ्या मुसलमान बायकांना ‘सेवा’ संस्थेने संघटित केले. मजुरीवाढ मागताच व्यापाऱ्यांनी काम बंद केले, तेव्हा त्या बायकांनी आपली सहकारी संस्था उभी केली. मुंबईत १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. ‘घरचे काम’ हा शब्द पुसून तेथे ‘काम’ हा शब्द लिहिला गेला.

फसलेला प्रयोगही लक्षात घ्यावा. २०२४ साली राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत कापडाची खरेदी मध्यवर्ती केली आणि कापलेले तुकडे शिवायला महिला बचतगटांकडे धाडले. दर परवडत नाही ही गटांची तक्रार, गणवेश वेळेवर नाही आणि मापाचा नाही ही पालकांची तक्रार. डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. बायकांना मालक न करता केवळ टाके घालणाऱ्या करून ठेवले की काय होते याचा हा धडा आहे.

काय मागायचे?

चिमूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि त्याच्या कक्षेत आश्रमशाळा, वसतिगृहे आहेत. आदिवासी विकास खात्यातील २००४ ते २००९ या काळातील गैरव्यवहारांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांच्या समितीने केली आणि २०१७ मध्ये अहवाल दिला. मध्यवर्ती खरेदीत काय मुरते हे त्यानंतर निराळे सांगायला नको. वस्तूऐवजी मुलांच्या खात्यात रोख रक्कम भरणे हा त्यावरचा उपाय सरकारने काढला. त्याने ठेकेदार काही अंशी दूर झाला असेल, पण त्या पैशाने घेतलेला स्वेटर पुन्हा परक्या कारखान्याचाच असतो. तालुक्यातल्या एका हाताला त्याने काम मिळत नाही.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी चार मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, पाहणीतील ९३ क्रमांकाच्या स्त्रियांच्या कामाचे तास आणि मोल यांचा हिशेब जिल्हावार, स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हावा. दुसरी, आश्रमशाळा आणि वसतिगृहांचे लोकरी कपडे तालुक्यातील स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडून घ्यावेत. लोकर घाऊक भावात आणि विणयंत्रे संस्थेच्या मालकीने मिळावीत. मजुरीचा दर किमान वेतनाहून कमी नसावा. कपडा उसवता येईल असाच विणलेला असावा अशी अट खरेदीतच घालावी. मूल दरवर्षी वाढते. त्याचा लहान झालेला स्वेटर संस्थेकडे परत यावा, उसवणे, धुणे आणि पुन्हा विणणे या प्रत्येक टप्प्याला मजुरी मिळावी, आणि तूट नव्या लोकरीने भरून निघावी. तिसरी, दुरुस्तीच्या हक्कात कपड्याचा समावेश व्हावा आणि कापून शिवलेला लोकरी कपडा तसे स्पष्ट लिहूनच विकला जावा. चौथी, घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९६ साली जो १७७ क्रमांकाचा करार संमत केला त्याला भारताने मान्यता द्यावी. ही मान्यता अजून दिलेली नाही.

या मागण्यांनी चिमूरचे दारिद्र्य हटणार नाही. जंगलावरचा हक्क, पाणी, धानाचा भाव यांची लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. परंतु त्या लढाईच्या सभेला येणारी बाई आधी घरचे पाच तास उरकून येते, आणि सभा संपल्यावर जाऊन सुया हातात घेते, हे ज्या पक्षाला दिसत नाही त्या पक्षाला तिचे मत मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. १९७७ साली महाराष्ट्राने कामाच्या हक्काचा कायदा करून देशाला वाट दाखवली. त्या हक्काची व्याख्या माती आणि खडी यांच्यापुरती राहिली, ही त्याची उणीव होती. कामाची हमी मागणाऱ्या चळवळीने आता दुसरी हमीही मागितली पाहिजे: जे काम आधीच चालू आहे, त्याला काम म्हणण्याची.